पहिली वेलांटी की दुसरी?

श्रुतलेखनाच्या वहीतले लाल गोल म्हणजे दरवेळी मुलांचा हलगर्जीपणा नसतो. लिहायला शिकणारा मेंदू नेमका कुठे अडतो आहे, हे त्या चुका सांगत असतात. मात्र त्यासाठी चुका नुसत्या मोजून भागत नाही, त्या वाचाव्या लागतात.

चौथीचा वर्ग. श्रुतलेखनाचा तास. बाई सावकाश वाक्य सांगतात, ‘‘आजीच्या अंगणात फुलांची बाग होती.’’ तीस-चाळीस माना वह्यांवर झुकतात. एक मुलगी ‘अंगणात’पर्यंत भराभर लिहिते आणि थबकते. मागच्या आठवड्यात तिने ‘फुल’ असे लिहिले होते. बाईंनी त्यावर लाल गोल करून शेजारी ‘फूल’ लिहून दिले होते आणि तो शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितला होता. ते तिच्या पक्के लक्षात आहे. म्हणून आज ती ठामपणे ‘फूलांची’ असे लिहिते. वही परत येते तेव्हा त्याच जागी पुन्हा लाल गोल असतो.

मोठ्यांना ही एका उकाराची चूक वाटते. त्या मुलीला मात्र यातून वेगळेच काही कळते: सांगितले तसे लिहिले तरी चुकतेच. काही महिन्यांनी ‘माझी आवडती बाग’ असा निबंध लिहायची वेळ येते, तेव्हा ती पाच-सहा ओळींत काम आटोपते. गुलाब, मोगरा, चाफा हे शब्द येतात, फुलपाखरू आणि मधमाशी येत नाहीत. जे शब्द नक्की लिहिता येतात, तेवढेच ती वापरते. बोलताना हीच मुलगी त्या बागेबद्दल अर्धा तास बोलू शकते.

शुद्धलेखनाची चर्चा आपल्याकडे बहुधा भाषेच्या अभिमानाच्या किंवा परीक्षेतील गुणांच्या अंगाने होते. पण हा प्रश्न मेंदूविज्ञानाचा आणि शिकण्याच्या मानसशास्त्राचाही आहे. गेल्या काही दशकांत या विषयावर बरेच संशोधन झाले आहे आणि त्यातले पुष्कळसे वर्गात थेट वापरता येण्याजोगे आहे.

बोलणे आपोआप, लिहिणे शिकून

मूल बोलायला शिकते ते ऐकून ऐकून. त्यासाठी कोणी तास घेत नाही. लिहिण्याचे तसे नाही. माणूस लाखभर किंवा त्याहून अधिक वर्षे बोलत आला असावा, पण लिपीचा शोध लागून जेमतेम ५ हजार वर्षे झाली. एवढ्या थोड्या काळात मेंदूत लेखनासाठी वेगळा भाग निर्माण होणे शक्य नव्हते. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहाएन यांच्या मते, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणेचाच एक तुकडा मेंदू अक्षरओळखीसाठी वळवून घेतो. हा भाग डाव्या बाजूला, मेंदूच्या मागच्या-खालच्या अंगाला असतो. माणूस मराठी वाचत असो की चिनी, साक्षर माणसाच्या मेंदूत जवळपास त्याच जागी हे काम चालते.

वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणेची एक सवय असते. कप उजवीकडे तोंड करून ठेवला काय आणि डावीकडे काय, तिला तो कपच दिसतो. अक्षरांच्या बाबतीत ही सवय सोडावी लागते. म्हणूनच पहिली-दुसरीतली पुष्कळ मुले काही अक्षरे किंवा आकडे आरशात दिसावेत तसे उलटे काढतात. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत असे होणे स्वाभाविक आहे आणि ते बहुतेकांचे आपोआप जाते.

नुसती अक्षरे ओळखून लेखन येत नाही. अमेरिकेतील शिक्षण-मानसशास्त्रज्ञ लिनीया एरी यांनी मूल शब्द ‘पक्का’ कसा करते याचा अनेक वर्षे अभ्यास केला. शब्दातील ध्वनी, ते दाखवणारी अक्षरे आणि शब्दाचा अर्थ या तिन्हींची गाठ बसली की तो शब्द स्मरणात घट्ट राहतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यातला एक धागा जरी सुटला तरी शब्द निसटतो. अर्थ न कळता पाठ केलेला शब्द टिकत नाही आणि ध्वनींकडे लक्ष न देता चित्रासारखा उतरवलेला शब्दही टिकत नाही.

बाराखडीचा डोंगर

‘मराठी जशी बोलतो तशी लिहितो, मग तिच्यात अवघड काय?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. इंग्रजीशी तुलना केली तर त्यात तथ्यही आहे. इंग्रजी शब्द समोर लिहिलेला असला तरी त्याचा उच्चार काय करायचा, हे नक्की सांगता येत नाही. मराठीत अनोळखी शब्दही बहुतेक वेळा बिनचूक वाचता येतो. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळे आहेत, हे लिपी दाखवत नाही, पण असे अपवाद थोडे.

मात्र सुरुवातीचा चढ मराठीतही कमी नाही. इंग्रजीत अक्षरे २६. देवनागरीत ३४ व्यंजने आणि १२ स्वरचिन्हे धरली तरी बाराखडीची सुमारे ४०० रूपे होतात. जोडाक्षरे वेगळीच. एकटा ‘र’ घेतला तरी तो ‘राजा’त एक रूप घेतो, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी बसतो, ‘ट्रक’मध्ये टोपीसारखा खाली लटकतो आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी निराळा दिसतो.

पहिल्या वेलांटीची गंमत तर मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ येतो आणि मग ‘इ’. लिहिताना मात्र वेलांटीची काठी ‘क’च्या आधी येते. कान एक क्रम सांगतो, डोळा दुसरा. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. या चिन्हाच्या उलट्या जागेमुळे वाचनाचा वेग कमी होतो, असे त्यात दिसले. शिकाऊ मुलाने ‘शिक्षक’ऐवजी ‘शक्षिक’ लिहिले, तर त्याचे मूळ अनेकदा इथे असते.

मानसशास्त्रज्ञ सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतील मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखवून दिले, की भारतीय लिप्यांतील अक्षरे आत्मसात करण्याचे काम पहिली-दुसरीत संपत नाही, ते चौथीपर्यंत चालू राहते. कन्नड आणि मराठी लिप्यांचे वळण वेगळे असले तरी त्यांची घडण एकाच जातीची आहे. आपल्याकडे मात्र दुसरीत बाराखडी ‘झाली’ असे मानून पुढे जाण्याची रीत आहे.

मराठी मुलांच्या लेखनाकडे बारकाईने पाहणारा एक मोठा प्रकल्प शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुका आणि कर्नाटकातील यादगीर इथल्या मुलांच्या वाचन-लेखनाचा सलग ३ वर्षे मागोवा घेऊन त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात ‘लेखन’ म्हणजे प्रामुख्याने फळ्यावरचे किंवा पुस्तकातले उतरवून काढणे, हे त्यात ठळकपणे दिसले. स्वतःच्या मनातले काही लिहिण्याची संधी मुलांना फार थोडी मिळत होती. उतरवून काढताना चुका कमी होतात, वही स्वच्छ दिसते, पण ध्वनीकडून अक्षराकडे जाण्याचा सराव होत नाही. मग अचानक श्रुतलेखन आले की पाट्या कोऱ्या राहतात.

कान जिथे साथ सोडतो

मराठी लेखनातील चुका सगळीकडे विखुरलेल्या नसतात. वह्या तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारले तर तो ठरावीक जागा सांगेल. इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घत्व, श आणि ष, ण आणि न, ऋ आणि रु. बहुतेक घोळ या चार-पाच ठिकाणीच होतो.

यातला सर्वांत मोठा वाटा वेलांटी-उकाराचा. याचे कारण मुलांचे दुर्लक्ष नसून भाषेची रचना आहे. मराठीत ‘कर’ आणि ‘कार’ यांतील फरक अर्थ बदलतो, त्यामुळे तो कुणाच्याही कानाला चटकन कळतो. इ-ई आणि उ-ऊ यांच्या लांबीने मात्र बोलण्यात अर्थ सहसा बदलत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब अशा जोड्या आहेत, पण त्या मुख्यतः संस्कृतातून आलेल्या.

आणि जो फरक अर्थ बदलत नाही, त्याकडे मेंदू लक्ष देत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील त आणि ट यांच्यासारख्या ध्वनींतला फरक कळत होता. वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळांची ती क्षमता मावळली होती, कारण त्यांच्या भाषेत त्या फरकाला काम नव्हते. ‘नीट ऐक, म्हणजे कळेल पहिली की दुसरी’ असे मराठी मुलाला सांगणे म्हणूनच फारसे उपयोगी पडत नाही. त्याच्या कानाने तो फरक कधीच कामाचा मानलेला नसतो.

मग आधार कशाचा? नियमाचा. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. पुस्तकात ते रूक्ष वाटतात, पण वेलांटी-उकाराबाबतचा त्यांचा गाभा मोजक्या वाक्यांत मावतो. शब्दाच्या शेवटी इकार किंवा उकार आला तर तो दीर्घ: पाणी, वाळू, कवी, गुरू. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ: फूल, मूल, बहीण, वकील, जमीन, नागपूर. अशा शब्दाला प्रत्यय लागून तो लांबला, की तोच स्वर ऱ्हस्व: फुलांची, मुलाला, बहिणीला, वकिलाने, जमिनीवर, नागपुरात.

हा नियम कुणी हवेतून काढलेला नाही. ‘फूल’ आणि ‘फुलांची’ हे शब्द सावकाश म्हणून पाहिले तर पहिल्यात स्वर लांबतो आणि दुसऱ्यात आखडतो, हे जाणवते. उच्चारात हा बदल होतोच, फक्त तो इतका अंगवळणी पडलेला असतो की आपल्याला वेगळा ऐकू येत नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या रांगेत बसत नाहीत. गुण, हित, मंदिर यांचे इकार-उकार ऱ्हस्वच राहतात. गीत, शरीर यांचे प्रत्यय लागला तरी दीर्घच राहतात, गीताचा, शरीरात. ‘आणि’मध्ये शेवटी असूनही पहिली वेलांटी असते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ‘तत्सम’ हा शब्द सांगून उपयोग नाही. ‘हे पाहुणे शब्द, ते आपली चाल बदलत नाहीत’ एवढे सांगून त्यांची वेगळी यादी वर्गात लावता येते.

या नजरेने पाहिले तर ‘फूलांची’ लिहिणाऱ्या मुलीने हलगर्जीपणा केलेला नाही. तिने शिकलेली गोष्ट पुढच्या शब्दाला लावली. तिला अर्धा नियम कळला होता, उरलेला अर्धा कुणी सांगितलाच नव्हता.

चूक काय सांगते?

मुलांच्या चुकांमागे तर्क असतो, हे ठळकपणे मांडणाऱ्यांत अमेरिकी भाषावैज्ञानिक चार्ल्स रीड यांचे नाव आधी येते. १९७१ मध्ये त्यांनी शाळेत जाण्याआधीच मनाने लिहू लागलेल्या मुलांच्या लेखनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘ट्रक’ हा शब्द ही मुले ‘च’साठी वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी अक्षरांनी सुरू करत. मोठ्यांना ते हास्यास्पद वाटे. पण इंग्रजी उच्चारात ‘ट्र’ खरोखरच ‘च’कडे झुकतो. मुले तो मोठ्यांपेक्षा अधिक नेमका ऐकत होती.

मराठी वह्यांतल्या चुकाही अशा वाचता येतात. त्यांचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिल्या गटात ध्वनीच सुटतो किंवा बदलतो. ‘पुस्तक’चे ‘पुतक’, ‘चंद्र’चे ‘चद’, ‘घर’चे ‘गर’. इथे मुलाला शब्दातले ध्वनी सुटे करून ऐकणे जमलेले नाही. त्याला नियम सांगण्यात अर्थ नाही. टाळ्या वाजवत शब्द तोडणे, ‘पुस्तक’मधला ‘स्’ काढला तर काय उरेल असे तोंडी खेळ खेळणे, यांची त्याला गरज असते. अशा चुका सतत होत असतील तर एकदा श्रवणतपासणीही करून घ्यावी. वारंवार होणारी सर्दी आणि कान फुटणे यांमुळे कमी ऐकू येत असते आणि ते घरी कोणाच्या लक्षातही आलेले नसते.

दुसऱ्या गटात ध्वनी बरोबर, पण खूण चुकीची. ‘पाणि’, ‘भाशा’, ‘रुतू’, ‘फूलांची’. या मुलाचा कान उत्तम आहे. त्याला हवी आहे ती नियमाची जोड आणि तो शब्द पुनःपुन्हा डोळ्यांखालून जाणे, म्हणजेच वाचन.

तिसऱ्या गटात गोंधळ अक्षराच्या आकाराचा किंवा जागेचा असतो. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाणे, रफार चुकणे. इथे आकार हातात बसलेला नाही. पाटीवर, वाळूत, हवेत मोठ्या आकारात गिरवून आणि मग न पाहता काढून त्याचा सराव होतो. डोळ्यांची तपासणीही करून घ्यावी.

‘१० पैकी ४’ असा शेरा यातले काहीच सांगत नाही. चार गुण मिळालेल्या दोन मुलांच्या अडचणी पूर्णपणे वेगळ्या असू शकतात आणि दोघांनाही ‘दहा वेळा लिहा’ हाच उपाय मिळतो.

दहा वेळा लिहून काय होते?

दहा वेळा लिहायला सांगितलेला शब्द मुले कसा लिहितात, हे पाहण्यासारखे असते. काही मुले आधी दहा ओळींत ‘फू’ काढतात आणि मग खाली दहा ‘ल’. पहिली ओळ समोर असल्याने आठवावे काहीच लागत नाही. हात चालतो, मेंदू थांबतो.

स्मरणावरचे संशोधन सांगते, की एखादी गोष्ट पुन्हा पाहण्यापेक्षा ती आठवून पाहण्याने जास्त पक्की होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला होता. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवत होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे होते. मध्ये दिवस जाऊ देऊन केलेला सराव एका बैठकीतल्या सरावापेक्षा टिकाऊ असतो, ही दुसरी गोष्ट तर जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच नोंदवली होती.

वर्गात याचा अर्थ सोपा आहे. शब्द बघायचा, मोठ्याने म्हणायचा, त्यातली फसवी जागा बोटाने दाखवायची, मग तो झाकायचा, आठवून लिहायचा आणि उघडून स्वतःच तपासायचा. असे पाच शब्द आज, तेच परवा, तेच पुढच्या आठवड्यात. रोजची दहा मिनिटे पुरतात. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येक वही तपासणे शक्य नसते, आणि इथे तपासणारे मूलच असते.

मुळात वेगळे शिकवावेच का, वाचनातून लेखन आपोआप सुधारणार नाही का, असाही एक मतप्रवाह आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि तान्या सँटँजेलो यांनी २०१४ मध्ये बालवर्गापासून बारावीपर्यंतच्या ६,०३७ विद्यार्थ्यांवर झालेल्या ५३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ठरवून, पद्धतशीर शिकवलेल्या मुलांचे लेखन न शिकवलेल्यांपेक्षा अधिक बिनचूक झाले आणि त्यांचे वाचनही सुधारले. यात मुख्यतः इंग्रजीचे अभ्यास असले तरी ध्वनी आणि अक्षर यांची गाठ घट्ट झाली की वाचन-लेखन दोन्ही सुधारते, हे तत्त्व एरी यांच्या मांडणीशी जुळणारे आहे.

हाताने लिहिण्यालाही स्वतंत्र महत्त्व आहे. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये सुमारे ५ वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. मुलांनी काही अक्षरे हाताने काढली, काही गिरवली, काही कळफलकावर टंकली. नंतर मेंदूचे चित्रण केले असता, स्वतः काढलेली अक्षरे पाहताना वाचनाशी निगडित भाग अधिक उजळलेले दिसले. वेडेवाकडे का होईना, मुलाने अक्षर स्वतः काढणे मोलाचे असते.

शिक्षकांच्या एका जुन्या सवयीबद्दल मात्र सावध राहायला हवे. फळ्यावर मुद्दाम चुकीचा शब्द लिहून ‘चूक ओळखा’ असे विचारले जाते. लॅरी जॅकोबी आणि अ‍ॅन हॉलिंग्सहेड यांनी १९९० मध्ये दाखवले, की चुकीचे लिहिलेले शब्द नुसते वाचल्यानेही प्रौढांचे त्याच शब्दांचे लेखन बिघडते. चुकीचे रूपही डोळ्यांत बसते. वर्षानुवर्षे वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना स्वतःच्याच लेखनाबद्दल शंका येऊ लागते, ती उगाच नव्हे. फळ्यावर बरोबर रूपच असावे, मुलाच्या चुकीशेजारीही बरोबर रूप ठळक असावे.

घरी डोया, पुस्तकात डोळा

एका गटाच्या चुकांकडे अधिक जपून पाहावे लागते. वऱ्हाडात, खानदेशात अनेक घरांत डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. राज्याच्या कितीतरी भागांत पाण्याला ‘पानी’ म्हणतात. तिथले मूल ‘डोया’ किंवा ‘पानी’ लिहिते तेव्हा त्याने ऐकले तसे नेमके लिहिलेले असते. ‘जसे बोलतो तसे लिहा’ हा शिक्षकांचाच सल्ला त्याने पाळलेला असतो. त्यावर ‘अशुद्ध’ असा शेरा आला की तो त्याच्या लेखनापुरता राहत नाही. आईच्या, आजीच्या बोलण्यालाच तो लागतो. आणि ज्या भाषेत घर बोलते तीच चुकीची आहे असे वाटू लागलेले मूल वर्गात तोंड उघडायलाही कचरते.

‘शुद्धलेखन’ऐवजी ‘प्रमाणलेखन’ म्हणावे असा आग्रह अनेक भाषातज्ज्ञ धरतात, तो यासाठीच. प्रमाण म्हणजे सर्वांनी मिळून ठरवलेले. ते बदलतेही. नांव, पांच, कांही असे अनुस्वार देऊन लिहिणे १९६२ पूर्वी बरोबर होते, नियम बदलले आणि ते अनुस्वार गेले. पणजोबांची पत्रे त्यामुळे अशुद्ध ठरत नाहीत. छापील मजकूर नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत सर्वांना सारखा वाचता यावा, यासाठी एक समान रूप हवे, एवढाच प्रमाणलेखनाचा दावा आहे. ‘घरी आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात’ असे दोन्ही शेजारी ठेवून सांगितले, तर मूल दोन्ही रूपे शिकते आणि त्याला एकाचीही लाज वाटत नाही.

काळजी कधी करावी?

सर्व मुले सारख्या वेगाने शिकत नाहीत. पण तिसरी-चौथीपर्यंत नियमित शाळेत जाऊन, पुरेसा सराव होऊनही साधे शब्द लिहिताना ध्वनी सुटत असतील, एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिला जात असेल, तोंडी उत्तरे चांगली आणि लेखी पेपर कोरा असेल, वाचन अडखळत होत असेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शक्यता तपासून घ्यावी. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया आणि लेखनाच्या अडचणीला डिस्ग्राफिया म्हणतात. वाचन, लेखन आणि गणित यांतील अशा अडचणी जगभरातील शालेय वयाच्या मुलांपैकी ५ ते १५ टक्के मुलांत आढळतात. बुद्धिमत्तेशी त्यांचा संबंध नसतो. वाचन सुधारल्यानंतरही लेखनातील चुका बराच काळ, कधी कधी आयुष्यभर राहतात. ‘तारे जमीन पर’ या २००७ मधल्या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचवला, पण आजही अशा मुलांना आधी ‘आळशी’ हेच विशेषण मिळते.

क्रम असा असावा: आधी दृष्टी आणि श्रवण तपासणे, मग बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ. चाचणी मुलाच्या शिक्षणाच्या भाषेत व्हावी, हे महत्त्वाचे. मराठी माध्यमातील मुलाला इंग्रजी चाचणी देऊन निष्कर्ष काढता येत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच २०१५ पासून उपलब्ध असून तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. अधिकृत प्रमाणपत्र साधारणपणे ८ वर्षे पूर्ण होण्याआधी दिले जात नाही, कारण त्याआधी शिकण्याचा वेग मुळातच कमी-जास्त असतो. मदत सुरू करायला मात्र प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे जादा वेळ, लेखनिक यांसारख्या परीक्षेतील सवलती या मेहरबानी नसून हक्क आहेत.

फोनवर बोलले की मजकूर उमटतो, चुकले की यंत्र सुधारते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. यंत्र ‘दिन’ आणि ‘दीन’ असे दोन्ही पर्याय समोर ठेवते. निवड करणाऱ्याला फरक ठाऊक असावाच लागतो. शिवाय लिहिताना अक्षराअक्षराशी अडावे लागत नाही, तेव्हाच मन विचाराकडे वळते. बिनचूक लेखनाचा खरा फायदा तो आहे. म्हणूनच मुलांच्या निबंधात आधी काय लिहिले आहे ते वाचावे आणि एका वेळी एक-दोन प्रकारच्याच चुका दाखवाव्यात. पान लाल झाले तर मूल पुढच्या वेळी कमी लिहिते, आणि कमी लिहिणाऱ्याचा सरावही कमीच होतो.

चौथीच्या त्या वर्गात बाईंनी ‘फूलांची’वर लाल गोल करण्याऐवजी फळ्यावर ‘फूल’ आणि त्याखाली ‘फुलांची’ असे दोन शब्द लिहून ‘‘काय बदललं?’’ एवढेच विचारले असते, तर काय झाले असते? कुणीतरी म्हणाले असते, ‘‘उकार छोटा झाला.’’ ‘‘कधी झाला?’’ ‘‘शब्द मोठा झाला तेव्हा.’’ मग ‘मूल-मुलांची’ निघाले असते, ‘बहीण-बहिणीची’ निघाली असती, कुणी ‘सोलापूर-सोलापुरात’ शोधून काढले असते. नियम पुस्तकातला तोच, पण तो मुलांनी स्वतः पकडलेला असता. आणि त्या मुलीच्या निबंधात कदाचित फुलपाखरूही आले असते.